कप्तानाच्या उजव्या हाताला

"ह्यांना निवडू नका," कप्तानाची बायको म्हणाली.

थोरले मालक पाण्याचा कागदी पेला तोंडाला लावत होते, तो तसाच हातात राहिला. फुटबॉल लीगच्या कचेरीतल्या त्या लांब व्हरांड्यात दोघांशिवाय कोणी नव्हतं. आतल्या खोलीत बाकीच्या संघांचे मालक जमत होते. लीगला नवा अध्यक्ष निवडायचा होता आणि उमेदवार दोनच उरले होते. एक थोरल्या मालकांचा जावई. तो सासऱ्याच्या ओंजळीने पाणी पितो, हे मैदानातलं गवत कापणाऱ्यालाही ठाऊक होतं. दुसरा कप्तान. खेळणं सोडून वर्षं लोटली, तरी त्याला सगळे कप्तानच म्हणत.

"वहिनी, सगळे खेळाडू त्यांच्या बाजूचे. निम्मे मालकही तिकडेच झुकलेत. आणि तुम्हीच नको म्हणता?"

"त्यांच्या लक्षात राहत नाही हो आता काही."

एवढं बोलली आणि तिला रडू आवरेना. कपाळ फुटल्यावर पट्टी बांधून कप्तान पुन्हा मैदानात उतरला होता, ती गोष्ट लोक अजून चवीने सांगत. तसे किती मार त्या डोक्याने खाल्ले होते, त्याला गणती नव्हती. हे विसरणं त्या मारांमुळेच, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. कप्तानालाही कळत होतं. "एक नियम करू दे, मग घरी बसतो," असं तो म्हणायचा. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला त्या दिवशी परत उतरवायचं नाही, एवढाच तो नियम. आजवर त्याने तो कितीदा मालकांपुढे मांडला होता. दर वेळी थोरले मालक हसून म्हणत, "बघू. घाई नको."

कोणाला सांगणार नाही, असा शब्द तिने नवऱ्याला दिला होता. आज सकाळी तो मोडायचं तिने ठरवलं. निघण्याआधी कपडे करताना कप्तान पलंगावर बसून घोट्यांना चिकटपट्टी गुंडाळत होता, सामन्याआधी गुंडाळतात तशी. वर त्याने मोजे चढवले, सुटाची विजार ओढून घेतली आणि विचारलं, "अगं, आज समोर कोण आहे?" तेव्हाच तिचा धीर सुटला. नवरा हरला तर तिला चालणार होतं. त्याचं हसं झालेलं चालणार नव्हतं.

"पण कधी जाणवलं नाही ते," मालक म्हणाले. "परवा मला नावाने हाक मारली त्यांनी."

"मी उजव्या हाताला उभी असते ना. कोणी येताना दिसलं की मी आधी नाव घेते. मग ते ओळखतात."

"आणि बोलणं?"

"तेही तसंच. दोन शब्द कानावर पडले की पुरे. पुढचं अगदी स्वतःचं असल्यासारखं बोलतात."

"आणि चुकीचं काही कानावर पडलं तर?"

"तर तेच धरून बसतात," ती डोळे पुसत म्हणाली. या माणसाला किती काळजी, असं तिला वाटलं. खेळाडूंच्या बायका उगाच त्याला दगड म्हणतात. तिने हात जोडले. "त्यांना मानाने घरी पाठवा. काहीही कारण सांगा. तेवढा नियम मात्र करा, त्यांच्यासाठी."

थोरल्या मालकांनी पेला टोपलीत टाकला. "तुम्ही निवांत बसा वहिनी. हे आपल्या दोघांतच राहील."

बैठक लांबली. काचेच्या कपाटातल्या ढाली बघत ती बसून राहिली. मन हलकं झालं होतं आणि त्याचीच तिला लाज वाटत होती. घरी जाऊन त्याच्या घोट्यांची पट्टी कोमट पाण्याने सोडवायची, एवढंच ती ठरवत होती.

आधी जावई बाहेर आला. तोंड उतरलेलं, कोणाकडे न बघता जिना उतरून गेला. पाठोपाठ आतून टाळ्या ऐकू आल्या.

"अभिनंदन, वहिनी," थोरले मालक दारातून म्हणाले. "एकमताने."

ती उठून दाराशी आली. "पण मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"सांगितलंत म्हणून तर जमलं. जावई माझाच आहे हो, पण त्याला स्वतःचं डोकं आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती काही बोलण्याआधीच बातमीदार आत घुसले आणि तिला भिंतीकडे रेटत पुढे गेले. कप्तान टेबलामागे उभा होता, छाती काढून, देखणा. त्याने सवयीने उजवीकडे पाहिलं. तिथे थोरले मालक येऊन उभे राहिले होते. एकेक माणूस पुढे येई, मालक हळूच मान कलती करत, आणि कप्तान हसून त्या माणसाला नावाने हाक मारी.

"कप्तान," मागून एका बातमीदाराने विचारलं, "तुमचा तो डोक्याच्या दुखापतीचा नियम आता लगेच येणार ना?"

कप्तानाच्या कपाळाला आठी पडली. गर्दीवरून त्याची नजर तिला शोधत फिरली. तिने लांबूनच जोरजोराने मान हलवली, "हो म्हणा, हो म्हणा," असं ती पुटपुटत राहिली. त्याला ती दिसली नाही. थोरले मालक त्याच्या कानाशी वाकले.

कप्तानाचा चेहरा मोकळा झाला. भर सामन्यात ज्या खणखणीत आवाजाने तो आपल्या पोरांना सांभाळायचा, त्याच आवाजात तो म्हणाला, "बघू. घाई नको."