कोपऱ्यातली वेल

आई मनीप्लांटचं पान न् पान ओल्या फडक्यानं पुसायची. वेल खिडकीकडे झुकली, की तिला पुन्हा कोपऱ्यातल्या भिंतीवर चढवायची. कुणाला हात म्हणून लावू द्यायची नाही.

ती बाहेर गेलेली असताना रंगारी आला. मीच म्हटलं, "काढा हो वेल. नंतर परत चढवू."

मुळांनी भिंत घट्ट धरली होती. वेल सुटत गेली, तशा खाली पेन्सिलीच्या आडव्या रेघा दिसल्या. कुणाची तरी उंची मोजलेली. शेजारी आईच्या अक्षरात तारखा. शेवटची तारीख माझ्या जन्माआधीची. आणि मी तर एकुलती एक.

आई दारात कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"आई, हे कोण?"

तिनं सर्वांत वरच्या रेघेवर हात ठेवला.

"तुझा दादा. एवढाच वाढला."