दुपट्ट्याखालचा भाव

कौसल्याबाई खाटेवर चढायला काही तयार होईनात. तपासणीच्या खोलीत त्या उजव्या बरगडीखाली हात दाबून उभ्याच राहिल्या.

"आंधी किती लागतीन ते सांगा, मॅडम. मंग चढतो."

यवतमाळातला हा तिसरा दवाखाना. आधीच्या दोघांनी 'अगोदर भरती व्हा, खर्चाचं मग पाहू' म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा कौसल्याबाई दुखणं तसंच घेऊन राळेगावच्या एसटीत जाऊन बसल्या होत्या. पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते, पिशवी काढावीच लागणार होती. सरकारी कार्डावर काही जमलं नव्हतं. जे लागेल ते घरचंच. त्यांचे पती पुंडलिकराव बैलबाजारातले दलाल. पण बोंडअळीनं कापूस खाल्ल्यापासून बाजारात विकणारेच फार, घेणारा औषधालाही सापडत नव्हता. अशात आकडा न विचारता हो म्हटलं, तर हा माणूस दारातली दुभती म्हैस विकून टाकील आणि वर्षभर घरात दुसरा पैसा दिसणार नाही, हे कौसल्याबाईंना पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टर साधना वयानं तरुण होत्या, पण त्यांना घाई नव्हती. "बरोबर आहे मावशी. आधी विचारायचा हक्कच आहे तुमचा. सांगते."

"थांबा मॅडम," पुंडलिकराव लगबगीनं मधे आले. "उघड्यावर नोका सांगू."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, आपल्या उजव्या हातावर टाकला आणि तो झाकलेला हात डॉक्टरांपुढे केला. डॉक्टरांनी एकदा हाताकडे पाहिलं, एकदा माणसाकडे. मग दुपट्ट्याखालून त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजू लागल्या.

"थोडी जलद आहे काका. पण काळजीचं काही नाही."

कौसल्याबाईंना असं हसू फुटलं की बरगडीखालून कळच आली.

"काहून हासून राह्यली?" पुंडलिकराव पुटपुटले.

"मॅडम, थे नाडी नाही दाखवून राह्यले," कौसल्याबाईंनी डोळे पुसले. "बैलाचे दलाल हायेत थे. बाजारात भाव तोंडानं नाही सांगत. दुपट्ट्याखाली बोटं दाबतेत, बाजूच्यानं आयकू नये म्हणून."

"मग इथे बाजूचं कोण आहे?"

"मीच."

पुंडलिकराव कानापर्यंत लाल झाले. "हिनं आयकलं तं हे उठून घरी जाते, मॅडम. मले सांगा. मी पाहून घेतो."

"पण ऑपरेशन त्यांचं आहे, काका," डॉक्टर म्हणाल्या. "आकडा आधी त्यांनाच कळायला हवा." आणि त्यांनी दुपट्टा अलगद त्यांच्या हातावरून काढून घेतला.

कौसल्याबाईंचा हात जन्मात कधी दुपट्ट्याखाली गेला नव्हता; बाजार पुरुषांचा. पण बोटांचा हिशेब त्यांना येत होता. लग्नाच्या पहिल्या साली चुलीपुढे बसून नवऱ्यानंच शिकवला होता. तेवढंच हात धरायला निमित्त.

"एका बोटाले पाच हजार धरा," असं म्हणून त्यांनी हात पुढे केला.

डॉक्टरांनी दुपट्टा त्या हातावर टाकला आणि खालून बोटं दाबायला सुरुवात केली. करंगळीपासून निघून अंगठा आला, आणि अंगठ्यावरून पुन्हा करंगळी सुरू झाली. कौसल्याबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पुंडलिकराव पहिल्यांदाच दुपट्ट्याच्या बाहेर होते. कधी कापडाकडे बघत, कधी बायकोच्या तोंडाकडे, आणि दोन्हीकडून त्यांना काही कळत नव्हतं.

"याच्यात काय काय आलं?"

"ऑपरेशन, भूल, औषधं, खोली. आणि वर काही लागायची वेळ आलीच, तर आधी तुम्हाला विचारणार."

"खोली कोनती धरली?"

"एसीची. काकांनी बाहेर काउंटरवर सांगून ठेवलंय."

कौसल्याबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पंख्याकडे पाहत होता.

"साधी धरा. मले एसीनं सर्दी होते."

एसीत त्या उभ्या जन्मात बसलेल्या नव्हत्या. डॉक्टरांनी हसू दाबलं आणि दुपट्ट्याखालचं एक बोट सोडलं, मग थोडं थांबून आणखी एक. कौसल्याबाईंनी डोळे मिटून मनाशी ताळा केला. ओढाताण होणार होती, पण म्हैस राहत होती. त्यांनी डॉक्टरांचा हात घट्ट दाबला आणि कुणाचा आधार न घेता खाटेवर चढल्या.

पुंडलिकराव उशाशी सरकले. "किती झालं?"

"घरी गेल्यावर सांगीन."

"आता सांग नं. मी काय नाही म्हणतो काय?"

"थेच तं." कौसल्याबाईंनी उशी सारखी केली. "अख्ख्या जन्मात तुमी बाजारात पयला भाव घेतला नाही. अन् आज मॅडमनं तोंड उघडाच्या आंधीच 'हो' म्हणून मान हालवून राह्यले होते."

पुंडलिकराव खाटेची दांडी धरून उभे राहिले.

"तुहा भाव मी कसा करू?"

"नाही होत तुमच्यानं, मले मालूम हाय. म्हणून मीच केला," कौसल्याबाई म्हणाल्या. "आता जा, बाहेर जाऊन चहा घ्या. सकायपासून पोटात काही नाही तुमच्या."