पाना कोणी धरायचा

गोकुळच्या हातातला हातोडा पुलरवरून घसरला आणि त्याच्या बायकोच्या, सारिकाच्या, डाव्या अंगठ्यावर बसला. ती किंचाळली. गोकुळने आधी तिच्या गालावर चापट मारली, मग अंगठ्याकडे पाहिले.

"एक पाना धरता येत नाही तुले?"

"काऊन मारतं रे तिले?" उंबऱ्यावरून त्याची आई शालूबाई म्हणाली. "अंगठा फुटला तिचा."

"तू तुही डाळ पाखड."

अंगणात मोटारसायकल उभी होती. जुनी गाडी, तिला किक नव्हतीच. बटण दाबले की सेल्फची मोटर नुसती घरघरायची, इंजिन फिरत नसे. सेल्फचा क्लच गेला होता. डोणगावच्या मिस्त्रीच्या कानाखाली वाजवल्यापासून गोकुळच्या गाडीला कोणी हात लावत नव्हते. म्हणून तो मोबाइलवर बघून घरीच काम करत होता. तेल इंजिनखालच्या घमेल्यात काढले होते, बाजूचे झाकण उघडले होते. नवा क्लच पिशवीत होता. पण क्लचची जागा मॅग्नेटच्या मागे, आणि तो जड मॅग्नेट सकाळपासून जागचा हलला नव्हता. मॅग्नेटमध्ये तो ओढून काढायचा पुलर आवळून बसवला होता. एकाने पाना लावून तो घट्ट धरायचा, दुसऱ्याने पुलरच्या डोक्यावर घाव घालायचा.

सकाळीच सारिकाच्या भावाचा, भागवतचा, फोन आला होता. "तू फक्त हो म्हन. आत्ता येतो न्यायले." शालूबाईने ते ऐकले आणि नेहमीसारखे हात जोडले. "जाऊ नको, बाई. मनाचा वाईट नाही तो. राग आला की त्याले काही समजतच नाही." चार वर्षे सारिका याच बोलण्यावर थांबली होती. तिने भावाला सांगितले, संध्याकाळी कळवते.

अंगठा काळानिळा झाला. त्या हाताने पाना धरणे आता शक्य नव्हते.

"सर तिकडं," गोकुळ म्हणाला. "मी धरतो, तू हान. जोरात हान. का बापाच्या घरी उपाशीच वाढली?"

तो उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी पाना दाबून धरला. सारिकाने उजव्या हाताने हातोडा उचलला. तो तिच्या डोक्याच्या वर गेला आणि तिथेच थांबला. खाली पुलरचे डोके होते आणि गोकुळचे डोके होते. दोन्हींत वीतभर अंतर. हातोडा कुठे पडणार, हे तिचे तिलाच ठाऊक नव्हते.

घाव का पडत नाही म्हणून गोकुळने वर पाहिले. त्याला तिचा चेहरा दिसला.

पाना खणकन फरशीवर पडला. गोकुळ ढुंगणावर सरकत मागे गेला, भिंतीला टेकला. गुडघे पोटाशी, दोन्ही हात डोक्यावर, कोपरे कानांवर घट्ट दाबलेली. "नको, नको, नको," तो म्हणत होता. आवाज बारीक झाला होता.

सारिकाने घाव घातला. पुलरवर. मॅग्नेट ताडकन सुटून घमेल्यात पडला आणि काळे तेल भिंतीवर उडाले. गोकुळच्या तोंडावरही उडाले. त्याने डोळे उघडले नाहीत.

शालूबाई सूप टाकून धावली आणि मुलाच्या पुढ्यात आडवी झाली.

"मारू नको त्याले. लहानपणी असाच बसे तो, बाप घरात आला की. याच भिंतीशी. दया कर, बाई."

सारिकाचा हात सैल पडला. क्षणभर तिला वाटले, आत जावे आणि त्याच्यासाठी तांब्याभर पाणी आणावे.

मग तिने हातोडा खाली ठेवला आणि भागवतला फोन लावला. तिकडे घंटी वाजत असताना ती सासूला म्हणाली,

"म्हंजे मार कसा लागते, हे त्याले पयलेपासून मालूम होतं."