टोचलेली कालवड

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून नववीतल्या दामिनीनं जेवताना विचारूनच टाकलं, “आप्पा, आपल्या देवणी कालवडीला लस टोचली. मला गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची कवा?”

“कालवड बाजारात न्यायची हाय. टोचलेली असली की गिऱ्हाईक लगेच नेतंय,” आप्पा खेकसले. “कुवार पोरीला कशाला असली लस?”

महिन्यानं तेच आप्पा म्हणाले, “उद्या दवाखान्यात चल, तुला लस टोचू.”

दामिनी टुणकन उडाली. “माझी लई काळजी वाटली व्हय, आप्पा?”

आईनं नजर चुकवली. “उदगीरचे पाव्हणे विचारायलेत, पोरगी टोचलेली हाय का म्हणून. नवरदेवाची पहिली बायको त्याच रोगानं गेली.”

दामिनीचा आवाज चढला. “लस मी घेणार. पाव्हण्यांना मात्र कळवा, ही कालवड विकायची न्हाई.”