उबाल्दोचं पोट

उबाल्दोने नाक दाबलं आणि डब्यातला घोट तिसऱ्यांदा घशाखाली ढकलला. हगवणीच्या रोग्याची घाण, पाण्यात कालवलेली. इटालियन खंदकावर ऑस्ट्रियनांचे तोफगोळे फुटत होते. कार्सोच्या डोंगरावर मातीच नाही, नुसता दगड. त्याच्या कपच्या उडून माणसं सोलली जात होती. चार दिवसांनी हल्ला होता. आजारी पडला तो सुटला, धडधाकट तो मेला.

त्याच डब्यातून प्यायलेला जेल्सो रक्त हगत, दात काढत स्ट्रेचरवरून डोंगर उतरला. आणि ह्या गाढवाला साधी करपट ढेकर येईना! उलट भूक सणकून लागायची.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर बेर्तोलानीने त्याला तंबूत बोलावलं. खंदकातल्या सगळ्यांची विष्ठा त्याने तपासायला नेली होती. तंबूत ऐंशी जण कण्हत पडले होते. डॉक्टरने त्याच्यापुढे काचेची बशी धरली.

"बघ बाळा. मधे तुझ्या पोटातले जंतू. भोवती मी हगवणीचे पेरले होते. तुझ्यांनी एकाला उगवू दिलं नाही. सगळे गारद!"

"म्हणजे मला हगवण होणारच नाही?" उबाल्दोचा चेहरा पडला.

"पण रोग तुझ्या पोटात कधी गेलाच नसेल तर? खात्री असती ना, तर हल्ल्यातून काढून तुला इथंच ठेवला असता. ह्या ऐंशी जणांना तुझेच जंतू पाजले असते."

उबाल्दोचा जीव भांड्यात पडला. "गेलाय की, डॉक्टरसाहेब! तीनदा गेलाय. मी स्वतः प्यायलो, जेल्सोबरोबर!"

मागच्या खाटेपाशी मेजर उभा होता. त्याने एका ठोशात उबाल्दोचे दोन दात पाडले. "हल्ला चुकवायला प्यायलास, हरामखोरा?"

डॉक्टरने मेजरचे पाय धरले. "आठ दिवस द्या, साहेब!"

"आणि उद्या अख्खी पलटण प्यायला बसली म्हणजे?"

दुपारी उबाल्दोला दगडी कुंपणाशी बांधलं. सहा बंदुका वर झाल्या. इतक्यात उतारावरून डॉक्टर धावत आला, हातात रिकामी बरणी, डोळ्यांतून घळाघळा पाणी. देवा, माफी आणली! उबाल्दो फुटक्या तोंडाने हसला.

"थांबा!" डॉक्टर ओरडला. "पाया पडतो तुमच्या, छातीत मारा. पोटात मारू नका!"