शेवटचं घर

पाणी आलंच नाई.

सुगंधाबाई गल्लीतल्या गटाराच्या हौदीच्या काठावर उकिडवी बसून आत पाहत होती. तिकडे भैयाजीच्या अंगणात मुश्ताक मिस्त्रीनं नव्या संडासात तीन बादल्या ओतल्या होत्या. पाण्यात पळसाचे फुलं. जोड बरोबर बसला की फुलं वाहत हौदीत येते, अशी त्याची पारख. इकडे नळाचं तोंड कोरडं ठाक.

परसातला जुना टोपलीचा संडास कालच पाडला. गल्लीतले पाच घरं आधीच जमिनीखालच्या मोठ्या नळाले जोडले होते. भैयाजीचं हे सहावं, शेवटचं. साही घरं सुगंधाबाईचे. बत्तीस वर्षांमागं ती नवरी होऊन आली, तवा सासूनं तिचा पदर उचलून तोंड पाह्यलं अन् मुखदेखणीत हेच घरं देल्ले. "पोरी, आता तू उचलजो मैल्याचं टोपलं." सासूलेही तिच्या सासूकडून असेच भेटले होते. अन् आज दुपारच्या छकड्यानं सुगंधाबाईची सून घरी येणार होती.

फागुनाचं ऊन कोवळं होतं. कुठून तरी मोहाचा वास येत होता, गोड, डोळे जड करणारा. नळाच्या त्या काळ्या तोंडात पाहता पाहता तिले वाटलं, आतून आपलीच वरात येऊन राह्यली.

मुश्ताक तणतणत आला. "बाई, तूच बोळा कोंबला असशीन! तुये घरं चालले ना!"

"जाऊ दे मिस्त्री," भैयाजी मागून बोलले. "सुनेले काय देईन ते बिचारी?"

सुगंधाबाई पालथी पडली. खांद्यापर्यंत हात नळात घातला अन् हिसका देल्ला. हातात पोत्याचा बोळा आला, सिमिटानं माखलेला. जोडताना सिमीट आत जाऊ नये म्हणून मिस्त्रीनंच घातलेला, अन् काढाचा भुललेला. मुश्ताकनं आपलेच कान पकडले.

मागून पाणी धावलं. त्यावर एक केशरी फूल. मंग दुसरं. मंग सारेच, हौदीत गोल गोल फिरत. सुगंधाबाई पाहतच राह्यली. मंग हसाले लागली, डोळ्याले पदर लावून.

"हसतेस काऊन वं बाई?" भैयाजी घाबरले.

"सून येऊन राह्यली ना, भैयाजी. तिचा पदर उचलीन अन् सांगीन, पोरी, तुले द्याले माह्याजवळ काईच नाई."