बंद इंजिनात

अप्पांना जाऊन सोळा दिवस झाले होते आणि त्यांनी बांधलेलं शेवटचं इंजिन आज गाडीसकट कोइंबतूरला जाणार होतं. मद्रासला परदेशी पिस्टन मिळू लागले तरी मोटार-रॅलीवाले तंजावूरच्या या गॅरेजपर्यंत येत, ते केवळ अप्पांच्या हातासाठी.

त्यांच्या लेकीने, मंगलाने, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. अप्पा असंच ऐकत. तिला एकदाच तसं उभं राहायचं होतं.

आत कुणीतरी व्हॉल्व्ह घासत होतं.

आठ वेळा खरखर, मग हलकंसं टक्, पुन्हा आठ वेळा. व्हॉल्व्हला लावलेली काठी तळव्यांत फिरवताना अप्पांची हीच लय असे. पण ते काम इंजिन उघडं असताना करायचं. हे तर महिन्यापूर्वीच बोल्ट आवळून बंद केलं होतं.

"नटराज, हे उघड."

"ऐयो अक्का! अप्पांनी आवळलेले बोल्ट मी सोडू? वरून पाना फेकून मारतील."

"आत आवाज येतोय. तू ऐक तरी."

अप्पांच्या त्या जुन्या मेकॅनिकने कान लावला. "थंड लोखंड आहे, अक्का," तो मऊपणे म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

तिने पुन्हा कान लावला. "अप्पा," ती पुटपुटली.

खरखर पाचव्यालाच थांबली. मग आतून, स्क्रूड्रायव्हरच्या टोकापाशी, काहीतरी अलगद येऊन टेकलं, तिकडूनही कुणी कान लावावा तसं.

"थांब, नको!" ती ओरडली, तोवर नटराजने चावी फिरवली होती.